एक्केचाळीस नंबरचं पायताण

सव्वीस वर्षं मी लोकांची पायताणं सांभाळली. देवळाबाहेर नव्हे, संग्रहालयाबाहेर. देवळाबाहेर बसणाऱ्याला थोडं पुण्य तरी लागत असेल, आमच्या वाट्याला नुसती धूळ. या अंकाच्या संपादकबाई ‘तुमचे नोकरीतले अनुभव लिहा’ म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना सांगितलं की अहो, मी दारातली बाई, आतलं मला काय ठाऊक. त्या म्हणाल्या, मग दारातलंच लिहा. म्हणून लिहायला बसले आहे. शुद्धलेखन त्यांनी बघायचं असं ठरलं आहे.

मुरगुडाकडून कोल्हापुरात शिरणाऱ्या रस्त्यावर एका सरदार घराण्याची कोठी आहे. नाव सांगत नाही. शेवटचे मालक आबासाहेब, त्यांना अख्खा मुलूख ‘सरकार’ म्हणायचा. त्यांच्या एकुलत्या लेकीनं, म्हणजे बाईसाहेबांनी, ती कोठी ट्रस्टला देऊन टाकली आणि तिचं संग्रहालय झालं. आत शिसवी पलंग आहे, हंड्या-झुंबरं आहेत, तलवारी आहेत, पेंढा भरलेला वाघ आहे. दिवाणखान्याला सागवानी फळ्यांची जमीन आहे आणि बाकी खोल्यांत जुन्या रंगीत फरश्या. त्या खराब होऊ नयेत म्हणून पायताण बाहेर काढायचं, असा नियम. तो नियम म्हणजे मी.

काम सोपं होतं. माणूस पायताण काढतो, मी ते मांडणीच्या कप्प्यात ठेवते, कप्प्यावर नंबर असतो आणि त्याच नंबरचा पितळी बिल्ला मी त्याच्या हातात देते. परत जाताना बिल्ला द्यायचा आणि पायताण घ्यायचं. पहिलीतल्या पोराला कळतं. मोठ्यांना कळायला वेळ लागतो. एका पुण्याच्या गृहस्थांनी मला बुटाची पावती मागितली होती. मी म्हटलं बिल्ला हीच पावती, तर म्हणाले, यावर बुटाचा रंग लिहिलेला नाही.

पायताण बघून माणूस कुठून आला हे मला सांगता यायचं. स्लिपरच्या पट्ट्यात कापसाची लव अडकलेली असली की इचलकरंजीचा, मागावरून सुटून तसाच आलेला. चप्पल ओली असली की नृसिंहवाडीला संगमावर आंघोळ आणि दत्ताचं दर्शन उरकून, परतीच्या वाटेवर ‘एवढा राजवाडा बघूनच जाऊ’ म्हणणारी मंडळी. आमची कोठी काही राजवाडा नव्हे. पण तसं सांगितलं की त्यांचं तोंड उतरायचं, म्हणून मी सांगत नसे.

लोक आत जाऊन काय बघतात, हे ते बाहेर आल्यावर मला कळायचं, कारण आत विचारायचं राहिलेलं सगळं ते मला विचारत. वाघ खरा हाय काय? पलंग आत कसा नेला? आणि दहातले आठ जण विचारायचे की सरकारांचा संडास कुठं हाय. तो दाखवत नाहीत म्हटलं की त्यांना फसवल्यासारखं वाटायचं. एका आजीबाईंनी वाघाला हळदकुंकू लावलं होतं. आमच्या मॅडम, म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुख, दोन दिवस बारीक ब्रशनं ते काढत होत्या आणि मधूनमधून माझ्याकडं बघत होत्या. जणू आजींना कुंकवाची डबी मीच दिली होती.

आणखी एक पाहुणा आठवतो. नवीकोरी कोल्हापुरी, कोरं धोतर, बहुतेक लग्नाला आलेला. पायताण काढायला तयार, पण मांडणीत ठेवायला नाही. काखेत घेऊन निघाला. मी म्हटलं, “पावणं, हितं चोरी हुईत न्हाय.” तो म्हणाला, “मग तलवारीला कुलूप का लावलंय वं?” सगळी कोठी त्यानं पायताण काखेत धरून बघितली. मला त्याचा राग आला होता. पण पुढं जे झालं ते बघता, त्याचंच बरोबर होतं.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती मी नोकरीत असताना मॅडमना सांगितली नव्हती. मॅडम, तुम्ही हे वाचत असालच. मी आता रिटायर आहे.

सरकारांच्या शेजघरात काचेच्या पेटीत त्यांची पायताणं होती. साधी जाड कोल्हापुरी, करकर वाजणारी. सोन्याची वेलबुट्टी वगैरे काही नाही. कोठी देताना बाईसाहेबांची अट एकच होती, की ही पायताणं इथून हलवायची नाहीत. मार्गशीर्षात आबासाहेबांची पुण्यतिथी असे. त्या दिवशी बाईसाहेब येत, पेटी उघडली जाई, त्या दोन फुलं वाहत आणि पायताणांवर डोकं टेकत. त्यांचं वय ऐंशीच्या पुढं होतं, तरी येत. माझ्या समोर स्वतःची चप्पल काढत आणि हात पुढं करून म्हणत, “बिल्ला दे.” तुमचंच घर आहे, बिल्ला कसला, असं मी पहिल्या वर्षी म्हणाले होते. त्यावर त्या म्हणाल्या, “घर दिलं ना मी? मग बिल्ला दे.”

कातडं वाळून चिरू नये म्हणून वर्षातून एकदा, दसऱ्यानंतर, त्या पायताणांना तेल पाजावं लागे. पायताणाचं काम, म्हणून ते माझ्याकडं आलं. सोमवारी कोठी बंद असते. सोमवारी तेल लावायचं, सावलीत मुरू द्यायचं आणि मंगळवारी उघडायच्या आधी पेटीत ठेवायचं. मुरायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे माझ्या मांडणीचा तळाचा कप्पा. तिथं ऊन येत नाही आणि वारा येतो. त्या कप्प्याला नंबरही नव्हता.

त्या मंगळवारी कोठी उघडायच्या आधीच मुरगूडच्या भजनी मंडळाची गाडी येऊन थांबली. नृसिंहवाडीला निघालेले चाळीस-पन्नास लोक, सगळे घाईत. मी पायताणं घेतेय, बिल्ले देतेय, तळाचा कप्पा साफ विसरले. तासाभरानं सगळे एकदम बाहेर आले. पांढऱ्या मिशांचे एक म्हातारबाबा पुढं झाले, बिल्ला माझ्या हातात दिला आणि मी वळायच्या आत वाकून तळाच्या कप्प्यातून स्वतःच पायताण काढून घेतलं.

“आक्का, त्याल लावलंसा व्हय?” त्यांनी विचारलं.

मागं पन्नास माणसं उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मी न बघताच म्हणाले, “व्हय व्हय, लावलंय.”

म्हातारबाबांनी मला हात जोडले. म्हणाले, “एवढी सेवा देवळात बी हुईत न्हाय की.”

संध्याकाळी मांडणीत एकच जोड उरला होता, एक्केचाळीस नंबरच्या कप्प्यात. तीच जाडी, तोच रंग, पट्ट्यावर तीच वेणी. खालचा जोड गडबडीत मीच वर ठेवला असणार आणि कातड्यानं तेल चांगलं पिऊन टाकलं, असं मला वाटलं. तो मी नेऊन काचेच्या पेटीत ठेवला आणि कुलूप लावलं.

पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी पेटी पुसायला उघडली. पायताण उलटं केलं, तर टाचेला टायरचा तुकडा. खिळे मारून बसवलेला, नक्षीसकट. शेतावर जाणारी माणसं टाच झिजू नये म्हणून बसवतात तसा. ते हात जोडणं आठवलं आणि सगळं ध्यानात आलं. मॅडमना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. भ्याले, दुसरं काही कारण नाही. मी रोजंदारीवरून कायम होऊन दोनच वर्षं झाली होती आणि घरात कमावणारी मी एकटी.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेब आल्या. बिल्ला घेतला, काठी टेकत शेजघरात गेल्या, फुलं वाहिली आणि डोकं टेकलं. बराच वेळ टेकलं. वर बघितलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. मॅडमना म्हणाल्या, “इतक्या वर्षांत पहिल्यांदा आबांच्या पायाचा वास आला. बाहेरून फिरून आले की यायचा, तसा.”

मॅडमनी डोळे पुसले. मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले. तो वास म्हशीच्या गोठ्याचा होता. त्या दिवशी मला माझी जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही.

गाड्या करून येणाऱ्यांची नोंद आमच्याकडं वहीत असते. मंडळाचा नंबर सापडला. मी फोन करून विचारलं, तुमच्यातल्या एका आजोबांनी मला तेलाबद्दल हात जोडले होते, ते कोण? पलीकडचा माणूस हसायलाच लागला. “धोंडीतात्या! अवो, दीड म्हैना झाला, सगळ्या गावाला तेच सांगत्यात. कोल्हापुरात पायताणास्नी त्याल लावून देत्यात म्हणून. धा-बारा जण यायचं म्हणत्यात.”

पुढच्या सोमवारी मी पिशवीत टायरवाला जोड घेतला, ओळख पटावी म्हणून एक्केचाळीसचा बिल्लाही घेतला आणि मुरगूडची एस.टी. धरली. तात्या गोठ्यातच होते. सरकारांची पायताणं पायात, शेणात. मला बघून केवढा आनंद झाला त्यांना. “या या, आक्का आल्या! आगं, च्या टाका गं! आक्का, तवापास्नं माजा गुडघा दुखायचा ऱ्हायलाय बगा.”

मी पिशवीतला जोड काढून त्यांच्यापुढं ठेवला आणि उलटा केला. “तात्या, हे वळकतासा काय?”

त्यांनी टायरवरून बोट फिरवलं. “हे तर माजं. म्हंजे पायात हाय ते...” मग खाली बघितलं. “टाच हलकी का लागतीया म्हणत हुतो मी. मग हे कुणाचं वं?”

“सरकारांचं.”

तात्यांनी तव्यावर पाय पडावा तसे दोन्ही पाय पायताणांतून बाहेर काढले आणि गोठ्याच्या दगडावर अनवाणी उभे राहिले. मग म्हणाले, “माजा बा गूळ घिऊन पेठेला यायचा, बैलगाडीनं. तुमच्या कोठीम्होरं आला की गाडीतनं खाली उतरायचा आणि पायतान हातात घिऊन चालायचा. कोठीची भित्त संपस्तोवर. मी बारका हुतो, गाडीत बसल्यालो. मी इचारलं, बा, हातात का? तर बोलला न्हाय. घरापतोर बोलला न्हाय. आणि मी त्येंचंच पायतान घालून शेन काढतोय. च्या मायला.” हसावं की घाबरावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. ते मलाही ठरवता येत नव्हतं.

मग मी सगळं सांगून टाकलं. त्यांच्या जोडाला फुलं वाहिली, बाईसाहेबांनी त्यावर डोकं टेकलं, हेही सांगितलं. ते सांगायला नको होतं, कारण ऐकल्याबरोबर तात्या खाली बसले.

“माज्या पायतानावर? डोस्कं?”

“व्हय.”

“मग आता ते मी पायात घालू कसं?”

सरकारांचा जोड ते घालणार नाहीत हे उघडच होतं. आता स्वतःचाही घालेनात. त्यांच्या मालकीणबाईंनी सांगून बघितलं, मी सांगून बघितलं. शेवटी म्हणाले, “दोनी जोड न्या. माजंबी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या.” मी बिल्ल्याशिवाय कुणाचं पायताण कधी ठेवून घेतलं नव्हतं. एक्केचाळीसचा बिल्ला त्यांच्या हातात दिला. तात्यांनी तो देवघरात नेऊन ठेवला. त्या दिवसापासून ते रबराची स्लिपर घालू लागले आणि त्यांचा गुडघा पुन्हा दुखू लागला, असं नंतर मंडळवाल्यानं फोनवर सांगितलं.

सरकारांचा जोड मी चार सोमवार धुतला, पुसला, तेल लावलं आणि जागेवर ठेवला. तात्यांचा जोड एक्केचाळीसच्या कप्प्यात ठेवून दिला. वर्षभर त्या कप्प्यात दुसऱ्या कुणाचं पायताण ठेवलं नाही. मॅडमनी एकदा विचारलं, तेव्हा मी म्हटलं की कुणीतरी विसरून गेलंय, येईल न्यायला.

पुढच्या मार्गशीर्षात बाईसाहेब आल्या. त्या वर्षात त्या फार थकल्या होत्या. बिल्ला घेतला, आत गेल्या, डोकं टेकलं. यंदा जोड खरा होता, त्यामुळं मी निवांत होते. बाहेर येऊन चप्पल घालताना त्या थांबल्या. मॅडम फोनवर बोलत लांब गेल्या होत्या. बाईसाहेब मला म्हणाल्या, “गेल्या वर्षी आबा होते. यंदा नाहीत. मी म्हातारी झाले, मलाच आता काही जाणवेना, असंच असणार.”

मी गप्प बसले असते तर कुणाला कधी काही कळलं नसतं. पण ती बाई स्वतःला दोष देत चालली होती, आणि तेही माझ्यासमोर, माझ्या मांडणीला हात टेकून. मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. तेल, मंगळवार, टायर, गोठा. बैलगाडीसुद्धा सांगितली. नोकरी गेली असं धरूनच सांगितलं.

बाईसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “टायर कसला?”

“ट्रॅक्टरचा असावा.”

“हं,” म्हणाल्या. मी एक्केचाळीसमधला जोड काढून दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन टाच बघितली, वासही घेतला. “लहानपणी मी वरच्या सज्जात बसून पायताणं हातात घेतलेली ही माणसं बघायचे,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, त्यांना चालताना पाय भाजत कसे नाहीत. कुणाला विचारलं नाही. आबांनाही नाही.” जोड परत माझ्या हातात दिला. “त्यांना बोलाव. म्हणावं, स्वतःचं न्यायला या.”

पुढच्या सोमवारी, कोठी बंद आणि मॅडम सुट्टीवर असताना, तात्या आले. धुतलेलं धोतर, फेटा, पायात स्लिपर. बाईसाहेब चप्पल काढून, बिल्ला घेऊन माझ्या शेजारी खुर्चीवर बसून होत्या. तात्या पायरीवर स्लिपर काढून हात जोडून उभे राहिले. मग मी माझं काम केलं. म्हटलं, “तात्या, बिल्ला द्या.”

त्यांनी फेट्याच्या पदरातून बिल्ला काढला. त्यावर हळदीचं बोट होतं. मी कप्प्याकडं वळणार तोच बाईसाहेब काठी टाकून उठल्या. एक्केचाळीसमधला जोड त्यांनी स्वतः काढला, मांडणीला धरून सावकाश वाकल्या आणि तात्यांच्या पायांपुढं ठेवला. सरळ, टाचा त्यांच्याकडं करून, मी ठेवते तसा. तात्या दोन पावलं मागं सरकले.

“बाईसायेब, हे काय...”

“घाला,” बाईसाहेब म्हणाल्या. “घालून आत या. चहा आत घेऊ.”

आता इथं पेच होता. तोवर मी पायताण घालून कुणालाही आत सोडलं नव्हतं, आमदाराला नाही आणि नवऱ्या मुलालाही नाही. मी बाईसाहेबांकडं बघितलं आणि दारातून बाजूला झाले. नोकरीत एवढा एकच नियम मी मोडायला तयार झाले. पण तात्यांनी काही तो मोडू दिला नाही. वाकून पायताण हातात घेतलं आणि म्हणाले, “फळ्या खराब हुतील की. बघा, किती चकाकत्यात.” आणि ते पायताण हातात घेऊनच दिवाणखाना ओलांडून गेले. बाईसाहेबांचा चेहरा पडला. मलाही फार वाईट वाटलं. आपण बोलावून नेमकं तेच पुन्हा करायला लावलं, असं वाटलं.

चहा झाला. फार बोलणं झालं नाही. उसाचं काय, पाऊस कसा, गुडघा कसा, एवढंच. तात्या निघाले. हातातलं पायताण हातातच होतं. पायरीवर त्यांच्या स्लिपर होत्या, त्यांच्याकडं त्यांनी बघितलंही नाही. तसेच अनवाणी अंगण ओलांडून फाटकाबाहेर रस्त्यावर गेले. तिथं त्यांनी पायताण खाली ठेवलं आणि एकेक पाय आत सरकवला.

एस.टी.चा थांबा फाटकाच्या उजवीकडं, दहा पावलांवर आहे. तात्या डावीकडं वळले. कोठीची भिंत जिथं सुरू होते त्या कोपऱ्यापर्यंत गेले, तिथून वळले आणि भिंतीसमोरून, सबंध भिंत संपेपर्यंत, रस्त्याच्या मधोमध चालत गेले. घाई नव्हती. भिंतीमुळं आम्हाला त्यांचा फेटाच काय तो दिसत होता. पण वर्षभर नुसत्या ठेवलेल्या पायताणाचा करकर आवाज सगळीकडं ऐकू येत होता. बाईसाहेब दारातल्या खुर्चीत परत येऊन डोळे मिटून बसल्या होत्या. आवाज भिंतीच्या शेवटाला जाऊन थांबला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं हात पुढं केला.

“माझी चप्पल दे,” त्या म्हणाल्या, आणि बिल्ला माझ्या हातात दिला.